बागेतील पक्ष्यांची पिल्ले पिसांवरून कशी ओळखावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याच्या सुमारास बागेत एखादा अनोळखी, मातकट पक्षी दिसतो आणि तो पुस्तकातील कोणत्याच चित्राशी जुळत नाही. तो कोणता असावा?

बहुतेक वेळा तो अनोळखी नसतोच. वर्षभर आपल्याच अंगणात वावरणाऱ्या एखाद्या पक्ष्याचे ते नुकतेच उडू लागलेले पिल्लू असते. महाराष्ट्रात बागेतील पुष्कळ पक्ष्यांची वीण उन्हाळ्यात सुरू होऊन पावसाळ्यातही चालू राहते. कावळ्यांची घरटी मृगाच्या आधीच बांधून झालेली असतात, दयाळ आणि साळुंकी यांची पिल्ले त्याच सुमारास बाहेर पडू लागतात, तर मुनिया आणि सुगरण यांचा हंगाम पावसासोबत येतो. त्यामुळे मे ते ऑक्टोबर या काळात बागेतील पक्ष्यांचा मोठा हिस्सा त्याच वर्षी जन्मलेल्यांचा असतो. पुस्तकांत मात्र पूर्ण वाढलेल्या नराचे चित्र ठळकपणे दिलेले असते, मादीचे लहान असते आणि पिल्लाचे अनेकदा नसतेच. या काळात ‘नवीन पक्षी’ नोंदवण्यापूर्वी तो बुलबुल, दयाळ, साळुंकी किंवा कोतवाल यांचे पिल्लू नाही ना, हे आधी तपासावे, असा माझा आग्रह राहील.

रंग पाहण्यापूर्वी काय पाहावे?

रंगाने पिल्लाची जात कळण्यास मदत होते. ते पिल्लू आहे हे मात्र इतर खुणांवरून अधिक खात्रीने कळते. पहिली खूण चोचीच्या कोपऱ्याशी असते. घरट्यात वाढणाऱ्या पक्ष्यांच्या पिल्लांच्या चोचीला दोन्ही बाजूंनी पिवळी किंवा फिकट, मांसल किनार असते आणि घरटे सोडल्यानंतरही ती काही दिवस टिकते. त्यामुळे चोच मिटलेली असतानाही पिल्लाचा चेहरा रुसल्यासारखा दिसतो. दुसरी खूण शेपटीची. घरटे सोडताना शेपटीची पिसे पूर्ण वाढलेली नसतात, म्हणून पक्षी आखूड आणि गोलसर वाटतो. तिसरी खूण पिसांच्या पोताची. पिल्लाचा पहिला पिसारा थोड्या दिवसांत, मिळेल त्या अन्नावर एकदम उगवतो. त्यामुळे त्याची पिसे, विशेषतः पोटाकडची आणि शेपटीखालची, विरळ विणीच्या कापडासारखी सैल आणि भुरभुरीत दिसतात. डोक्यावर कधीकधी बाळपिसांचे दोन-चार तंतू उभे राहिलेले असतात. पंखांच्या मुळाशी पिसे ज्या नळ्यांतून बाहेर येतात, त्या करड्या नळ्याही जवळून पाहिल्यास दिसू शकतात.

छायाचित्र स्पष्ट असेल तर आणखी एक बारीक खूण तपासता येते. पिल्लाच्या शेपटीची सर्व पिसे एकाच वेळी वाढतात. वाढीच्या काळात एखादा दिवस उपासमारीचा गेला, तर त्या दिवशीचा कमकुवत, फिकट पट्टा सर्व पिसांवर एकाच रेषेत उमटतो. मोठ्या पक्ष्यांची शेपटी टप्प्याटप्प्याने बदलत असल्यामुळे त्यांच्यात असे पट्टे सहसा वेगवेगळ्या उंचीवर येतात.

पिल्ले इतकी फिकट आणि ठिपकेदार का असतात?

नुकते उडू लागलेले पिल्लू नीट उडू शकत नाही, धोका ओळखू शकत नाही आणि दिवसाचा बराच वेळ एका जागी बसून अन्नाची वाट पाहते. अशा अवस्थेत पानांच्या सावलीत विरघळून जाणारा ठिपक्यांचा आणि खवल्यांचा रंग त्याच्या उपयोगी पडतो. शिवाय, प्रौढ नराचा भडक रंग हा जागेवरील हक्काचा आणि जोडीदाराला दिलेल्या आमंत्रणाचा भाग असतो. पिल्लाला त्याची गरज नसते आणि तो रंग नसल्यामुळे मोठे नर त्याला प्रतिस्पर्धी समजण्याची शक्यताही कमी होते.

पिल्लू आणि मादी यांत फरक कसा करावा?

हा प्रश्न सर्वाधिक चिमणीबाबत विचारला जातो आणि तो रास्त आहे, कारण चिमणीची पिल्ले, नर असोत वा मादी, मादीसारखीच दिसतात. चोचीच्या कोपऱ्यातील पिवळी किनार, काहीसा धुरकट रंग, आखूड शेपटी आणि पंख थरथरवत अन्न मागणे यांवरून पिल्लू ओळखता येते. एकदा ती किनार गेली की केवळ दुरून पाहून मादी आणि पिल्लू वेगळे करणे कठीण होते. पुढे नराच्या गळ्यावर काळी छटा उमटू लागते आणि हा घोळ निम्मा मिटतो. चिमणी आपला पहिला पिसारा काही आठवड्यांतच पूर्णपणे, पंख आणि शेपटीसकट बदलते. बहुतेक लहान पक्षी तसे करत नाहीत. ते अंगावरची पिसे बदलतात आणि पंखांतील काही जुनी पिसे पुढच्या वर्षापर्यंत वागवतात. त्यामुळे एकाच पंखात काही पिसे गडद आणि ताजी, तर काही विटकी आणि झिजलेली दिसली, तर तो पक्षी गेल्या वर्षीचे पिल्लू असण्याची शक्यता विचारात घ्यावी.

बुलबुलाच्या बुडाशी लाल रंग दिसत नाही. तो बुलबुलच आहे का?

होय, असू शकतो. लालबुड्या बुलबुलाच्या पिल्लात शेपटीखालचा भाग गडद लाल नसून फिकट, नारिंगी-तपकिरी छटेचा असतो, डोक्यावरचा तुरा आखूड असतो आणि अंगावरील काळा रंग तपकिरीकडे झुकलेला असतो. शिपाई बुलबुलाच्या बाबतीत गोंधळ अधिक होतो, कारण ज्या लाल गालांवरून आपण त्याला ओळखतो ते पिल्लाला नसतातच. डोळ्यामागचा लाल ठिपका नंतर येतो आणि बुडही आधी नारिंगी असते. अशा वेळी उभा, टोकदार तुरा, पांढरा गाल आणि त्याखालची काळी रेघ पाहावी. कुंडीतल्या वेलीवर बुलबुलाचे घरटे झाले असेल, तर आईवडील आणि पिल्ले एकाच चौकटीत पाहायला मिळतात. पिसांच्या वाढीचा एवढा सोपा धडा दुसरा नाही.

छातीवर तपकिरी ठिपके असलेला, शेपटी उंचावणारा लहान पक्षी कोणता?

तो बहुधा दयाळाचे पिल्लू असते. प्रौढ नर चकचकीत काळा-पांढरा आणि मादी त्याच नक्षीची पण करड्या रंगाची असते. पिल्लाच्या कंठावर आणि छातीवर मात्र पिवळसर-तपकिरी रंगाची खवल्यांसारखी नक्षी असते. पंखावरचा लांबट पांढरा पट्टा पिल्लातही दिसतो आणि ओळख पक्की करण्यासाठी तोच पुरेसा ठरतो. नर पिल्लात काही आठवड्यांनी काळी पिसे तुटक तुटक उगवू लागतात आणि तेव्हा तो डागाळल्यासारखा दिसतो. तो आजार नसून बदलता पिसारा असतो.

हिरव्या अंगाचा, जाड चोचीचा पक्षी तांबटासारखा वाटतो, पण कपाळ लाल नाही. तो कोण?

तांबटाचे पिल्लू. कपाळावरचा आणि छातीवरचा लाल रंग पिल्लाला नसतो आणि चेहऱ्यावरील पिवळा रंगही मळकट असतो. फिकट पोटावरच्या हिरव्या रेघा, आखूड शेपटी आणि चोचीच्या बुडाशी असलेले राठ केस या खुणा मात्र तशाच असतात. वाळलेल्या फांदीतील गोल भोकातून डोके बाहेर काढून बसलेला, लाल टिळा नसलेला तांबट दिसला, तर ते घरटे सोडण्याच्या बेतात असलेले पिल्लू आहे असे समजावे.

कावळा एका काळ्या, ठिपकेदार पिल्लाला भरवताना दिसला. ते कावळ्याचेच पिल्लू आहे का?

बहुधा ते कोकिळेचे पिल्लू असते. आपल्याकडे कोकिळा प्रामुख्याने कावळ्याच्या आणि डोमकावळ्याच्या घरट्यांत अंडी घालते. तिच्या अंड्यातून पिल्लू कावळ्याच्या अंड्यांपेक्षा काही दिवस आधी बाहेर येते, त्यामुळे अन्नाच्या शर्यतीत त्याला आघाडी मिळते. कोकिळेचे पिल्लू घरट्यातील इतर अंडी आणि पिल्ले ढकलून देते हा समज सर्वत्र पसरलेला आहे. युरोपातील कोकिळेच्या बाबतीत तो खरा आहे, आपल्या कोकिळेचे पिल्लू मात्र सहसा तसे करत नाही. कावळ्याची आणि कोकिळेची पिल्ले एकाच घरट्यात वाढल्याचेही पाहण्यात आले आहे.

पिसांवरून ओळखायचे तर असे पाहावे. कोकिळेच्या पिल्लाची पाठ प्रौढ नराप्रमाणे काळपट असते, पण पंखांवर आणि पोटाकडे पांढुरके किंवा बदामी ठिपके व पट्टे असतात, शेपटी लांब असते आणि चोच काळी असते. प्रौढ नराची फिकट हिरवी चोच आणि माणकासारखा लाल डोळा या दोन्ही खुणा पिल्लाला नसतात. तपकिरी, ठिपकेदार प्रौढ मादीशीही ते पूर्ण जुळत नाही. पिल्लाचा काळा रंग कावळ्यांची फसवणूक करण्यास उपयोगी पडत असावा, असे मानले जाते.

कावळ्याच्या खऱ्या पिल्लाला ठिपके नसतात. त्याची मान प्रौढाइतकी स्वच्छ राखाडी नसते, काळी पिसे निस्तेज असतात, डोळ्यांत सुरुवातीला निळसर-करडी झाक असते आणि आ वासला की तोंडाचा आतला भाग गुलाबी-लाल दिसतो.

सातभाईंच्या थव्यात एक मोठे, छातीवर ठिपके असलेले पिल्लू होते. ते शिकऱ्याचे असू शकते का?

शिकरा हा शिकारी पक्षी सातभाईंच्या थव्यात बसून अन्न मागणार नाही; त्याला पाहून सातभाई गलका करतील. ते पिल्लू पावशाचे असण्याची शक्यता अधिक आहे. पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो आणि त्याचे पिल्लू थव्यामागे फिरत, सतत ओरडत, आपल्यापेक्षा लहान पालकांकडून अन्न घेत राहते. गोंधळाचे कारण असे की पावशा प्रौढ वयातही शिकऱ्यासारखा दिसतो. दोघांची पिल्लेही एकमेकांसारखी असतात: वरून तपकिरी, खालून पांढुरक्या छातीवर थेंबांच्या आकाराचे गडद ठिपके.

त्यामुळे येथे छातीकडे न पाहता चोच आणि पाय पाहावेत. शिकऱ्याची चोच बुडापासूनच बाकदार आणि हुकासारखी असते, पायाची नखे लांब व तीक्ष्ण असतात आणि पिल्लाचाही डोळा पिवळा, रोखून पाहणारा असतो. पावशाची चोच जवळपास सरळ, किंचित खाली वळलेली असते आणि पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात. शिकऱ्याचे पिल्लू पुढे पिसारा बदलते तेव्हा छातीवरचे उभे थेंब जाऊन बारीक आडवे तांबूस पट्टे येतात. म्हणून उभे ठिपके दिसले की पक्षी तरुण आहे, एवढे निश्चित मानता येते.

चातकही सातभाईंवरच आपली जबाबदारी टाकतो. त्याचे पिल्लू वरून तपकिरी-काळे असते, खालून मळकट असते आणि त्याचा तुरा आखूड असतो, त्यामुळे त्याला पावशाचे पिल्लू समजण्याचे कारण नाही.

पोटावर पांढरे खवले असलेला कोतवाल ही वेगळी जात आहे का?

नाही. काळ्या कोतवालाच्या पिल्लाच्या पोटावरील आणि शेपटीखालील पिसांना पांढरी किनार असते, म्हणून तो भाग खवल्यांचा दिसतो. पांढऱ्या पोटाचा कोतवाल ही खरोखरच वेगळी जात आहे. तिच्या पोटाचा पांढरा रंग सलग आणि स्वच्छ असतो आणि करड्या छातीपाशी तो संपतो. तुटक पांढरेपणा आणि सलग पांढरेपणा हा भेद लक्षात ठेवला, तर पक्षियाद्यांतील बऱ्याच चुका टळतील.

गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ असलेला पिवळा शिंजीर हे पिल्लू आहे का?

तो प्रौढ नरही असू शकतो. जांभळ्या शिंजिराचा नर वीण संपल्यावर आपला झळाळता पिसारा उतरवतो आणि मादीसारखा पिवळसर-करडा होतो. कंठापासून पोटापर्यंत जाणारी एक गडद पट्टी तेवढी उरते. पावसाळा सरल्यानंतरच्या महिन्यांत असे नर सर्वत्र दिसतात. पहिल्यांदाच रंग धरणारा तरुण नरही साधारण असाच, पण अधिक ठिगळाठिगळांचा दिसतो. चोचीच्या कोपऱ्याशी पिवळी किनार किंवा आखूड, पूर्ण न वाढलेली चोच असेल तरच त्याला पिल्लू म्हणावे. अन्यथा ‘पट्टीवाला नर’ एवढीच नोंद करून वयाचा रकाना मोकळा ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर असा रंग उतरवत नाही, त्यामुळे हा प्रश्न त्याच्याबाबतीत येत नाही.

डोळ्यांच्या रंगावरून वय कळते का?

काही जातींत उत्तम कळते. सातभाईच्या पिल्लाचे बुबुळ गडद असते आणि वयानुसार ते फिकट, दुधाळ होत जाते. म्हणून थव्यात दोन-तीन पक्ष्यांचेच डोळे काळसर दिसले, तर ती त्या हंगामातील पिल्ले होत. भारद्वाजाचा लाल डोळा पिल्लाला नसतो. त्याच्या पिसांतही फरक असतो: डोक्यावर ठिपके, पोटावर आणि शेपटीवर फिकट आडवे पट्टे आणि पंखांचा तांबूस रंगही पट्ट्यांनी भरलेला. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा भारद्वाज आहे हे पटतच नाही. पारव्याचा नारिंगी डोळाही नंतरचा. तरुण पारव्याच्या डोळ्यांचा रंग गडद असतो, मानेवर हिरवी-जांभळी झळाळी नसते आणि चोचीच्या मुळाशी असणारा पांढरा फुगीर भाग करडा असतो. चष्मेवाल्याच्या पिल्लात बुबुळ नव्हे, तर डोळ्याभोवतीचे पांढरे वलयच सुरुवातीला नसते किंवा पुसट असते.

होला, पोपट, खंड्या आणि हळद्या यांची पिल्ले कशी ओळखावीत?

ठिपकेवाल्या होल्याच्या पिल्लाला मानेवरची काळी-पांढरी ठिपक्यांची पट्टी नसते. पोपटाच्या पिल्लाला, नर असो वा मादी, गळ्यातील कंठी नसते. नराला ती पूर्णपणे येण्यास सुमारे तीन वर्षे लागू शकतात. म्हणून कंठी नसलेला प्रत्येक पोपट मादीच असतो असे नाही. खंड्याच्या पिल्लाच्या पांढऱ्या छातीवर बारीक गडद खवले असतात आणि चोच भडक लाल नसून काळपट असते. हळद्याचे पिल्लू वरून हिरवट, खालून पांढुरके आणि रेघारेघांचे असते व त्याची चोचही गडद असते, तर प्रौढाची गुलाबी-लाल.

एकसारख्या तपकिरी रंगाच्या मुनियांचा थवा कोणत्या जातीचा समजावा?

सोबतच्या मोठ्या पक्ष्यांवरून. ठिपकेवाल्या मुनियेच्या पिल्लाला पोटावरील खवल्यांची नक्षी नसते. ते वरून साधे तपकिरी आणि खालून बदामी असते. लाल-काळ्या रंगाच्या इतर मुनियांची पिल्लेही अशीच साधी असल्यामुळे एकटे पिल्लू पाहून जात सांगणे धोक्याचे आहे.

साळुंकी किंवा बुलबुल यांचे डोके टक्कल पडल्यासारखे दिसते. ते पिल्लू आहे का?

नाही. विणीनंतर मोठे पक्षी पिसे बदलतात आणि कधीकधी डोक्यावरील पिसे एकदम गळतात; काही वेळा पिसांतील परजीवी हे कारण असते. साळुंकीच्या पिल्लाचे डोके पिसांनी भरलेले असते, फक्त ते काळेभोर नसून तपकिरी असते आणि डोळ्यामागची पिवळी त्वचा फिकट असते.

पिल्लू जमिनीवर सापडल्यास पिसांवरून काय ठरवावे?

अंगभर पिसे असतील, ते पायांवर उभे राहत असेल आणि उड्या मारत असेल, तर ते हरवलेले नसून उडायला शिकत आहे आणि आईवडील जवळच असतात. मांजर-कुत्र्यांना दूर ठेवावे आणि पिल्लू वाटेत असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावे. अंग उघडे किंवा पिसे अजून नळ्यांतच असतील, तर ते घरट्यातून पडलेले असते आणि घरटे हाताशी असल्यास त्यात परत ठेवता येते. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकतात, हा समज निराधार आहे. दूध, भात, पाव देऊ नये आणि चोचीत पाणी ओतू नये. पाणी श्वासनलिकेत जाते. टिटवीच्या पिल्लांना मात्र हे नियम लागू होत नाहीत. ती अंड्यातून बाहेर पडल्यानंतर लवकरच चालू लागतात आणि धोका दिसताच जमिनीला चिकटून निश्चल राहतात, म्हणून त्यांना तेथेच राहू द्यावे.

पिल्लू जखमी असेल तर हवा जाईल अशा अंधाऱ्या खोक्यात ठेवून महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार देशी वन्य पक्षी पाळणे बेकायदेशीर आहे आणि पोपटाचे पिल्लूही त्यास अपवाद नाही.

नोंद करताना कोणती छायाचित्रे घ्यावीत?

एक बाजूने, एक शेपटीखालील भाग दिसेल असे आणि एक चोचीचा कोपरा स्पष्ट दिसेल असे. पिल्लाला कोणी भरवत असेल तर भरवणाऱ्याचेही घ्यावे, कारण परभृत, म्हणजे दुसऱ्यांच्या घरट्यात अंडी घालणाऱ्या, पक्ष्यांच्या बाबतीत तीच सर्वांत मोलाची नोंद असते. घरट्याजवळ जाऊन किंवा फांद्या बाजूला करून छायाचित्र काढू नये; घरटे उघडे पडले की कावळ्यांना आणि भारद्वाजांना ते सहज सापडते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना प्रत्येक जातीपुढे वय आणि लिंग नोंदवण्याची सोय आहे. वीण कोणत्या महिन्यात झाली हे त्यावरून समजू शकते, म्हणून ‘बुलबुल, 4’ एवढेच न लिहिता त्यांपैकी दोन पिल्ले होती हेही त्यात भरावे.